वसुबारसेला दूध का चालत नाही?

प्रश्न : आमच्या सासूबाई वसुबारसेला दूध, दही, तूप कशालाच हात लावत नाहीत, गहूसुद्धा नाही. एरवी गायीचं दूध सगळ्यात पवित्र, मग तिच्याच सणाला ते वर्ज्य कसं? आणि ऑफिसातला एकजण म्हणतो वेदकाळात गोमांस खायचे, खरंय का?

उत्तर : सासूबाईंचं बरोबर आहे हो. आश्विन वद्य द्वादशीचं दुसरं नाव गोवत्स द्वादशी, म्हणजे पूजा एकट्या गायीची नाहीच, सवत्स गायीची आहे. त्या दिवसाचं दूध वासराचं, असं जुनी माणसं सांगतात. वासराने कासेला ढुशी दिली की गाय पान्हा सोडते, आणि नेमकं तेव्हाच त्याला ओढून दाव्याला बांधायचं आणि चरवी लावायची, हे आपण वर्षभर करतोच की, तर एक दिवस त्याला पोटभर पिऊ दे. म्हणून मग घरात बाजरीची भाकरी न गवारीची भाजी.

आता ऑफिसवाल्याचं. तो अर्धा बरोबर आहे. ऋग्वेदात गायीला 'अघ्न्या' म्हटलंय, म्हणजे मारू नये अशी, पण पाणिनीच्या व्याकरणात पाहुण्याला 'गोघ्न' शब्द आहे, ज्याच्यासाठी गाय मारतात तो! दोन्ही आपल्याच ग्रंथांत. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात हे काही न लपवता मांडलंय, त्यामुळे कुणी सांगितलं तर लगेच अंगावर धावून जायचं कारण नाही. पुढे शेती वाढली, नांगराला बैल हवा आणि बैल गायीच्याच पोटी येणार, शेण खताला आणि चुलीला, त्यात जैन-बौद्धांच्या अहिंसेचा रेटा, आणि शेवटी धर्मशास्त्रकारांनी गोवध कलिवर्ज्यात टाकून दिला, म्हणजे पूर्वी चालायचं पण कलियुगात नाही. मला ही पळवाट फार हुशारीची वाटते, जुनं खोटं ठरवलं नाही आणि नवं लागूही केलं. सावरकर तर गायीला उपयुक्त पशू म्हणायचे, आणि ३० सप्टेंबर २०२४ ला आपल्या महाराष्ट्र सरकारने देशी गायीला राज्यमाता जाहीर केलं, वाद चालूच आहे.

एक मात्र सांगते, सणाला अख्खी सोसायटी एकाच गायीला पोळ्या आणि गूळ चारत सुटते, त्याने तिचं पोट फुगतं. हिरव्या चाऱ्याची पेंढी न्या, आणि प्लास्टिकची पिशवी घरी परत आणा.