जुनी पुस्तके पडद्यावर शोधताना

प्रश्न : मी निवृत्त मराठी शिक्षिका आहे. इंटरनेटवर जुन्या मराठी पुस्तकांचा मोठा साठा आहे हे कळल्यापासून रोज काहीतरी शोधते. मात्र पुस्तक समोर असूनही त्यातला हवा तो शब्द शोधयंत्राला सापडत नाही, आणि एखादे पुस्तक सापडलेच तरी दोन-चार पानांपुढे मन टिकत नाही. हा दोष साधनाचा की माझ्या सवयीचा?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या प्रश्नातला पहिला भाग बराचसा साधनाचा आहे. इंटरनेट आर्काइव्ह या मोफत डिजिटल ग्रंथालयात दिसणारी बहुतेक जुनी पुस्तके म्हणजे पानांची छायाचित्रे असतात. त्यांतली अक्षरे यंत्राकडून ओळखून घेतली तरच शोध चालतो. पुस्तक चढवताना भाषा इंग्रजी नोंदवली गेली असेल, तर त्या ओळखीतून निरर्थक अक्षरांचा ढीग तयार होतो. भाषा बरोबर नोंदवलेली असली तरी झिजलेल्या खिळ्यांच्या (छपाईच्या अक्षरठशांच्या) छपाईत 'घ' आणि 'ध' किंवा 'भ' आणि 'म' यांची गल्लत होते. शिवाय डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या जुनी पुस्तके डिजिटल करणाऱ्या भारतीय प्रकल्पातून तेथे आलेल्या अनेक पुस्तकांची नावे रोमन लिपीत आणि मनमानी स्पेलिंगने लिहिलेली आहेत. म्हणून लेखकाचे आडनाव दोन-तीन प्रकारे रोमनमध्ये लिहून पाहावे.

याहून महत्त्वाची अडचण लेखनपद्धतीची आहे आणि ती आपल्याला कोणापेक्षाही लवकर उमगेल. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम 1962 साली लागू झाले. त्यापूर्वीच्या पुस्तकांत 'काही' नव्हे तर 'कांहीं' आहे, 'घरात' नव्हे तर 'घरांत', 'गाव' नव्हे तर 'गांव'. अनेक शोधयंत्रे अक्षरास अक्षर जुळवतात. त्यामुळे आजच्या सवयीने टंकलेला शब्द पानावर असूनही सापडत नाही. जुने अनुस्वार देऊन शोधावे, किंवा ज्यांचे लेखन बदललेले नाही अशा शब्दांवरून माग काढावा. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती, 1857) वापरतानाही हे लक्षात ठेवावे.

मन टिकत नाही, याचे कारण मात्र मी शोधण्याच्या सवयीत पाहतो. शोधाची पेटी आपल्याला थेट एका ओळीवर नेऊन सोडते. त्या ओळीच्या आधी लेखक काय सांगत होता आणि पुढे कोठे जाणार होता, हे ठाऊक नसल्यामुळे ती ओळ आपल्याला धरून ठेवत नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे उदाहरण घ्या. त्याचे 23 खंड आहेत, आणि त्यांपैकी पहिले पाच प्रस्तावनाखंड आहेत : हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि विज्ञानेतिहास. त्यांची रचना सलग ग्रंथासारखी आहे. ज्ञानकोशात केवळ नोंद पाहून परत फिरणाऱ्याला हे खंड असल्याचेही कळत नाही, आणि माझ्या मते केतकरांची खरी झेप तेथेच आहे. आपण 'हिंदुस्थान आणि जग' हा खंड उतरवून घ्यावा, इंटरनेटची जोडणी बंद करावी आणि पहिल्या पानापासून क्रमाने वाचावा. हाच प्रयोग कोणत्याही सलग लिहिलेल्या पुस्तकावर करता येईल, परंतु कोशापासून सुरुवात केल्यास शोधणे आणि वाचणे यांतला फरक अधिक स्पष्ट दिसतो.

उतरवून घेण्याआधी हक्काचे पाहावे. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे प्रताधिकार (कॉपीराइट) राहतो. 1960 साली वारलेल्या लेखकाचे लेखन 1 जानेवारी 2021 पासून सर्वांसाठी खुले झाले.

आपल्या अनुभवाचा उपयोग इतरांनाही व्हावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मराठी विकिस्रोतावर प्रताधिकारमुक्त पुस्तकांची छायाचित्रे आणि यंत्राने ओळखलेला मजकूर शेजारी शेजारी दिसतो, आणि कोणीही तो तपासून दुरुस्त करू शकते. न तपासलेले पान लाल, एकाने तपासलेले पिवळे आणि दुसऱ्याने पडताळलेले हिरवे दाखवले जाते. जुन्या अनुस्वारांची नजर असलेली माणसे आता कमी होत चालली आहेत, म्हणून मूळ लेखन जसेच्या तसे राखण्याचे हे काम आपल्यासारख्यांनी हाती घेण्याची निकड आहे. सुरुवातीला एखादे पिवळे पान घ्यावे. त्याला दुसऱ्या वाचकाचीच प्रतीक्षा असते.