कर एक, चलनं दोन

प्रश्न : २९ जुलै २०२४ च्या रात्री नेट बँकिंगनं १८,६४० रुपये स्वयंनिर्धारण कर (विवरणपत्र भरण्याआधी आपणच हिशेब करून भरायचा उरलेला कर) भरायला बसले. पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं, मग सेशन संपलं. मुदत दोन दिवसांवर आलेली, म्हणून घाबरून दुसऱ्या दिवशी बँकेत चलनानं तेवढीच रक्कम भरली आणि विवरणपत्रात ते चलन दाखवलं. परवा पासबुक भरून आणलं, तर दोन्ही रकमा गेलेल्या! बँकवाले म्हणतात, पैसे सरकारजमा झाले, आता आमच्या हातात काही नाही. माझे पैसे बुडाले का?
– एक निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर : बाई, बुडाले नाहीत. पण आपणहून चालत घरीही येणार नाहीत. बँकवाले खरं तेच सांगताहेत, त्यामुळे तिथे भांडण्यात दिवस घालवू नका. आयकर खात्याचं बंगळुरूचं प्रक्रिया केंद्र तुम्ही विवरणपत्रात दाखवलेल्या चलनाचाच हिशेब धरतं. दुसरं चलन तुम्ही दाखवलेलंच नाही.

आधी आयकराच्या पोर्टलवर 'ई-पे टॅक्स'मध्ये पेमेंट हिस्ट्री उघडा आणि दोन्ही चलनं उतरवून घ्या. प्रत्येकावर बँक शाखेची ओळख सांगणारा सात आकडी बीएसआर कोड, तारीख आणि पाच आकडी चलन क्रमांक असेल. मग चष्मा लावून दोन गोष्टी बघा : कर निर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या पुढचं वर्ष) २०२४-२५ आहे ना, आणि प्रकार ३००, म्हणजे स्वयंनिर्धारण कर, आहे ना. उत्पन्न २०२३-२४ चं, म्हणून वर्षही तेच निवडणारे माझ्याकडे दर जुलैत दोन-तीन तरी येतात.

हसत नाही हं मी कुणाला. कागदी चलनांच्या काळात मी स्वतः माझ्याच चलनावर ००२१ च्या जागी कंपन्यांच्या करासाठी असलेल्या ००२० वर खूण केली होती, म्हणजे पेनच्या एका फटक्यात माझी कंपनी झाली! बँकेचा शिक्का मारलेला तो फाटका तुकडा खिशात घेऊन किती हेलपाटे घातले, ते बायकोला विचारा. आता अशी दुरुस्ती पोर्टलवरच होते, पण वर्ष बदलायला सातच दिवस मिळतात आणि प्रकार बदलायला तीस. तुमची ती मुदत टळली आहे. चूक निघालीच, तर तुमच्या निर्धारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागेल.

चूक नसेल, तर कलम १३९(५) खाली सुधारित विवरणपत्र भरा, कर भरणाच्या तक्त्यात दोन्ही चलनं घाला. तुमचा बाकी हिशेब बरोबर असेल, तर १८,६४० परतावा आपोआप दिसेल. भरल्यावर तीस दिवसांत ई-पडताळणी (विवरणपत्र तुमचंच असल्याची ऑनलाइन खात्री) विसरू नका. शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२४, पण दिवाळीच्या फराळाआधीच उरका. परतावा एकूण कराच्या दहा टक्क्यांहून कमी नसेल, तर दरमहा अर्धा टक्का व्याजही मिळेल. ते मात्र पुढच्या विवरणपत्रात उत्पन्न म्हणून दाखवायचं. सरकार एका हातानं देतं आणि दुसऱ्या हाताकडे बघत असतं.

प्रश्न : परतावा मंजूर झाल्याचा मेसेज आला, पण 'रिफंड फेल्ड' दिसतं. पॅनवर माहेरचं नाव आहे, बँकेत सासरचं.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : कारण तुम्हीच लिहिलंत. बँकेतलं आणि पॅनवरचं नाव जुळत नसेल, तर खात्याची पडताळणी अडते. लग्नाचा दाखला जोडून पॅनवरचं नाव बदलून घ्या, आधारवरचंही तपासा. मग पोर्टलवर खातं पुन्हा 'प्री-व्हॅलिडेट' करा आणि 'सर्व्हिसेस'मधून 'रिफंड रीइश्यू'ची, म्हणजे परतावा पुन्हा पाठवण्याची, विनंती टाका. तुमची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल, तर शाखेचा आयएफएससी कोड जुन्या चेकबुकवरून उतरवू नका. शाखेत विचारून घ्या.