अनान्सीची पुस्तकं : सुरुवात कुठून करावी?

नव्या पुस्तकांची यादी बघून गांगरू नका. कॅनडातल्या टोरोंटोची हाउस ऑफ अनान्सी ही प्रकाशनसंस्था १९६७ मध्ये कवितेपासून सुरू झाली; आज तिथे कादंबरी, गुन्हेकथा, वैचारिक, सगळंच निघतं. तुम्ही एवढंच करा:

- पहिलं पुस्तक मॅसी व्याख्यानमालेतलं घ्या. ही व्याख्यानं सीबीसी या कॅनडाच्या सार्वजनिक रेडिओवर प्रसारित होतात आणि अनान्सी त्यांचं पुस्तक काढते. मुळात श्रोत्यांसाठी लिहिलेलं असल्यामुळे इंग्रजी अंगावर येत नाही, आणि एका बैठकीत एक व्याख्यान आरामात होतं. विषय मात्र आपल्या आवडीचा निवडा.
- रहस्यकथा हव्यात? 'स्पायडरलाइन' हे नाव शोधा; अनान्सी वेगवेगळ्या प्रकारची पुस्तकं अशा वेगळ्या नावांखाली काढते. फ्रेंचमधून आलेल्या कादंबऱ्या 'अराक्निड'मध्ये. मुलांसाठी ग्राउंडवुड.

नवखे हमखास चुकतात ते इथे: कॅनडातल्या कथा-कादंबऱ्यांना मिळणाऱ्या गिलर पारितोषिकाची यादी लागली की सगळी पुस्तकं एकदम मागवतात, मग निम्मी धूळ खातात. आधी ग्रंथालयातून आणा. टोरोंटोत राहत असाल तर सार्वजनिक ग्रंथालयाचं कार्ड फुकट मिळतं. नव्या पुस्तकाला रांग असते, तेव्हा नंबर लवकर लावा.

पन्नास पानांत रंगलं नाही तर खुशाल सोडून द्या. पहिल्या आवृत्त्या, सही केलेल्या प्रती वगैरे शौक नंतर बघू.