ऑफिसच्या ताणासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं, की नोकरी बदलावी?

प्रश्न: ऐरोलीला नोकरी करतो. रविवारची संध्याकाळ झाली की छातीत धडधडायला लागतं, रात्री झोप लागत नाही. घरचे म्हणतात, मन खंबीर कर. डॉक्टरकडे जावं की सरळ नोकरी बदलावी? ऑफिसात कळलं तर?

उत्तर:

डॉक्टरकडे जा, याच आठवड्यात. नोकरीचं नंतर बघा. झोप उडालेली असताना राजीनामा लिहू नये, त्या अवस्थेत सगळ्याच नोकऱ्या सारख्या वाईट दिसतात.

हे एवढं सांगून थांबणार होते, पण तुमच्या प्रश्नातलं ते 'मन खंबीर कर' वाचलं आणि राहवलं नाही.

मी ठाण्यात राहते. नवी मुंबईत महापेला एका कॉल सेंटरमध्ये व्हॉइस प्रोसेसला, म्हणजे फोनवर बोलायच्या कामाला होते, पुढे टीएल, म्हणजे टीम लीडर झाले. इंग्लंडमधल्या विम्याच्या ग्राहकांचे फोन घ्यायचे, त्यामुळे शिफ्ट दुपारी सुरू होऊन रात्री उशिरा संपायची. ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना वाटतं, एसीत बसून बोलायचं तर आहे. समोर स्क्रीनवर तुमच्या नावापुढे एक घड्याळ चालू असतं. फोन घेतलात की हिरवं, बाथरूमला गेलात की 'ऑक्स'मध्ये, म्हणजे ब्रेकवर, टाकायचं आणि ठरलेली मिनिटं संपली की तीच पट्टी लाल. ती पट्टी फ्लोअरवरच्या मोठ्या स्क्रीनवर सगळ्यांना दिसते. माझ्या टीममधली एक गरोदर मुलगी पाणी प्यायची बंद झाली होती, पट्टी लाल होऊ नये म्हणून. आणि ती लाल का झाली हे तिला विचारायचं काम माझं.

एका दुपारी ठाणे स्टेशनला ट्रान्स हार्बरच्या फलाटावर पनवेल गाडीची वाट बघत उभी होते. अचानक दोन्ही हातांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना, अंगाला दरदरून घाम. हार्ट अटॅकच आला असं वाटलं. शेजारी भाजीच्या पिशव्या घेऊन एक मावशी उभ्या होत्या, त्यांनी मला खाली बसवलं, पदराने वारा घातला आणि गाडी आली तरी हलल्या नाहीत. त्यांचं नावही मला माहीत नाही. पुढे दवाखाना, ईसीजी नॉर्मल, ड्युटीवरचे डॉक्टर म्हणाले गॅस असेल. गोळी घेऊन घरी.

तेच परत झालं, मग परत झालं. शेवटी आमच्या चरईतल्या फॅमिली डॉक्टरांनी नीट चौकशी केली. त्यांनी आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ करून घेतलं. मग एकच विचारलं, सुट्टीच्या दिवशी कधी झालंय का? नव्हतं झालेलं. तेव्हा त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांच्या नावाने चिठ्ठी दिली. याला पॅनिक अटॅक म्हणतात. शरीर खऱ्या संकटासारखी तयारी करतं, हृदय जोरात पळतं, श्वास भराभर होतो, त्या श्वासामुळेच मुंग्या येतात. साधारण दहा मिनिटांत ते शिखरावर जातं आणि मग ओसरतं. हे कोणी आधी सांगितलं असतं तर निम्मी भीती तिथेच गेली असती.

गोळ्या आणि समुपदेशन दोन्ही सुरू झालं. घरात लपवायचं नाही असं मी ठरवलं होतं. गणपतीत सगळे जमलेले असताना विषय निघाला आणि मोठे दीर सगळ्यांसमोर म्हणाले, "बरंय, ठाण्यातच राहते, गाडीभाडं तरी वाचलं." सगळे हसले.

'ह्याला ठाण्याला पाठवा' हे उभ्या महाराष्ट्रात म्हणतात, ते इथल्या मनोरुग्णालयामुळे. १९०१ पासूनची संस्था आहे, तिथे ओपीडी चालते, गरिबाघरची माणसं लांबून उपचाराला येतात. मला या विनोदाचा मनापासून राग आहे. या एका वाक्यामुळे किती माणसं डॉक्टरच्या दारापर्यंत जाऊन परत फिरली असतील. शिवाय याच ठाण्यात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून साध्या माणसांच्या साध्या मानसिक अडचणींवर काम करते आहे, ते नाही कोणी बोलून दाखवत.

तर दीर. ते वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात लेथ मशीनवर होते. त्यांचं म्हणणं, "आम्ही बारा बारा तास उभं राहून काम केलं, आम्हाला नाही झालं काही. तुम्ही लोक मनाने कच्चे." त्या दिवशी पाहुणे होते म्हणून गप्प बसले, आज लिहिते.

भाऊजी, तुमचे कष्ट खरे आहेत, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण भोंगा झाला की तुमचं काम संपायचं. लेथ तुमच्या मागे घरी येत नव्हता. जादा थांबलात तर कारखान्यांच्या कायद्याने ओव्हरटाइम दुप्पट दराने. युनियनचा माणूस साहेबाच्या केबिनमध्ये जाऊन टेबलावर हात आपटायचा. तुम्ही मुतारीत किती मिनिटं होतात हे भिंतीवर लाल अक्षरांत कोणी लावलं नाही. आणि 'काही झालं नाही' म्हणता, तर संध्याकाळी जाऊबाई तुमच्या चपलांचा आवाज ऐकून मुलांना गप्प का करायच्या? ताण तुम्हालाही होताच. तो त्या बाईने सोसला, म्हणून तुमच्या खात्यावर दिसत नाही.

हे नुसतं माझं मत नाही. इंग्लंडमध्ये १९६७ पासून सरकारी नोकरांचा अभ्यास झाला, व्हाइटहॉल म्हणतात त्याला. हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण मोठ्या साहेबांपेक्षा खालच्या पायरीवरच्या कर्मचाऱ्यांत कितीतरी जास्त निघालं. पुढच्या अभ्यासात दिसलं की आपलं काम कसं, कधी करायचं यावर स्वतःचा काहीच ताबा नसणं हे त्यातलं एक मोठं कारण. खंबीर मन असो की नसो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची, म्हणजे कामाने पार पिळून निघण्याची, व्याख्या केली तेव्हा तो आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणी उद्भवणारी गोष्ट म्हणून नोंदवला. नीट न हाताळलेल्या, सतत चालू राहिलेल्या कामाच्या ताणातून येणारा, असं लिहिलंय त्यात.

म्हणून ऑफिसातल्या वेलनेस सेशनवरही माझा विश्वास नाही. आमच्याकडे शुक्रवारी शिफ्ट संपल्यावर कँटीनमध्ये हास्ययोग ठेवायचे, हजेरी सक्तीची. मी एचआरला तोंडावर सांगितलं, हसायला लावू नका, रोस्टर, म्हणजे कोणाची शिफ्ट कधी त्याचं वेळापत्रक, वेळेवर द्या. सोमवारचं रोस्टर शनिवारी रात्री यायचं, मुलाला पाळणाघरातून कोण आणणार हे रविवारी ठरवायचं. मी टीममधल्या सगळ्यांच्या रजा, सोडून गेलेल्यांच्या जागी आलेल्या नव्या माणसांचा ट्रेनिंगचा खर्च, सगळं एका शीटमध्ये मांडून मेल केला. दोन-तीनदा टोलवाटोलवी झाली. मग रोस्टर गुरुवारी यायला लागलं. ऑक्सची मिनिटं मात्र त्यांनी शेवटपर्यंत वाढवली नाहीत. तरी माझ्या टीमची झोप सुधारली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. नोकरी मी पुढे बदलली, पण बरी झाल्यावर, चार ठिकाणी बोलून, पगार वाढवून घेऊन.

तुमच्या बाबतीत रविवारी नेमकं काय आठवतं ते शोधा. साहेब, सोमवारची मीटिंग, की घोडबंदरचा ट्रॅफिक? तुम्ही राहता कुठे ते लिहिलं नाहीत. एखादी गोष्ट बदलून मागता येण्यासारखी असेल तर लेखी मागा.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मी डॉक्टर नाही. धडधड म्हणजे पॅनिकच असं धरून चालू नका, आधी ईसीजी आणि रक्त तपासून घ्या. नैराश्यावरच्या आणि चिंतेवरच्या बऱ्याच गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंदही करू नका. सगळ्यांना गोळ्या लागतातच असंही नाही. जीव नकोसा वाटत असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता १४४१६ ला फोन करा. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं.

ऑफिसला सांगायची काही सक्ती नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमच्या उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. त्याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं लागतं, पण ते मुख्यतः ॲडमिट झालात तर. ओपीडीची फी बहुतेक पॉलिसींत बसत नाही, तेव्हा खिशातून जाणार हे धरून चला, आणि ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत क्लेम टाकण्याआधी कागद कोणाच्या टेबलावरून जातात ते विचारून घ्या. आजारपणाची रजा लागली तर फॅमिली डॉक्टरांचं 'विश्रांतीची गरज' एवढंच लिहिलेलं सर्टिफिकेट माझ्या ऑफिसात चाललं होतं, तुमच्याकडे काय नियम आहे ते तेवढं एचआर पोर्टलवर बघा.