एकटीने लावलेला निकाल

प्रश्न : मी बार्शी तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम. आता पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॅपच्या (इंजिनिअरिंग प्रवेशाच्या केंद्रीय प्रक्रियेच्या) शेवटच्या राउंडला सीट लागली, म्हणजे नशिबानेच आले. एम-टू, म्हणजे गणिताचा दुसरा पेपर, राहिलाय. इंग्रजी चुकेल म्हणून वर्गात शंका विचारत नाही. बाकीच्यांना सगळं येतं. मॅडम, माझं डोकं या फील्डचं नाहीच. सोडून गावी बी.ए. करू का? घरी अजून काही बोलले नाही.

उत्तर : तुला बी.ए. करायचंय असं तुझ्या पत्रात कुठेच नाही. इथून निघायचंय, एवढंच आहे. म्हणून बी.ए.चा विषय तूर्त बाजूला.

आधी ते नशीब. कॅपमध्ये चिठ्ठ्या टाकत नाहीत. आधीच्या फेऱ्यांत सुटलेल्या जागाही पसंतीक्रम आणि गुणवत्ता बघूनच लागतात. यादीत तुझा नंबर होता, म्हणून सीट लागली.

पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1978 साली शिक्षणात, नोकरीत पुढे गेलेल्या बायकांवर लिहिलं. हातात पदव्या असूनही ‘आपण चुकून इथवर आलो, एक दिवस उघडे पडू’ ही धास्ती त्यांना या बायकांमध्ये दिसली. त्यांनी सुचवलेला एक उपाय म्हणजे अशाच बायकांचा गट. एकीने तोंड उघडलं की दुसरीही बोलते. तुझ्या वर्गातही अशा कितीतरी जणी गप्प बसल्या असतील. पण नुसतं मन मोकळं करून एम-टू निघत नाही, हेही खरं.

म्हणून मला दुसरं उदाहरण जास्त पटतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीत 1970च्या दशकात उरी ट्रीझमन गणित शिकवायचे. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुलं मोठ्या संख्येने मागे पडत. कारणं लोकांकडे तयारच होती : पाया कच्चा, घरचं वातावरण, जिद्द नाही. (ओळखीचं वाटतंय ना?) ट्रीझमननी मुलं प्रत्यक्षात अभ्यास कसा करतात ते जवळून पाहिलं. मुलं मेहनत करत होती, पण एकेकटी. त्याच वर्गातली चिनी वंशाची मुलं आधी एकटी अभ्यास करायची आणि मग एकत्र बसून उत्तरं ताडून बघायची. कोणालाच सुटलं नाही, तर गणितच अवघड आहे हे त्यांना कळायचं. एकटं बसलेल्याला मात्र वाटायचं, आपणच ढ. ट्रीझमननी मग गट सुरू केले, आणि त्यात सोपी उजळणी न ठेवता मुद्दाम अवघड गणितं दिली. निकाल सुधारले.

पुण्यात एकत्र बसायच्या जागांना तोटा नाही. पण सदाशिव पेठ, नवी पेठेतल्या अभ्यासिकांत माणसं महिनोन्महिने शेजारी बसतात आणि एकमेकांची वही बघत नाहीत. तिथे बोललं तर बाहेर काढतात, आणि ते योग्यच आहे. तुला बोलता येईल अशी जागा हवी : जेवणं उरकल्यावरची हॉस्टेलची मेस, नाहीतर कॉलेजमधला रिकामा वर्ग.

तिघी-चौघी पुरे. त्यात टॉपर नसली तरी चालेल. मराठी माध्यमातून येऊन एम-टू काढलेली एखादी सीनिअर मात्र जरूर शोध. टॉपरला जमलं याचं आपल्याला काही वाटत नाही, आपल्यासारखीला जमलं की मन ऐकतं.

प्रत्येकीने एक गणित सोडवून, निदान अडकेपर्यंत करून आणायचं. फेअर करायचं नाही, खाडाखोडीसकट तेच पान समोर ठेवायचं. ‘मला इंटिग्रेशन येत नाही’ हे वाक्य बंद. ‘डबल इंटिग्रलची ऑर्डर बदलायला घेतली आणि नव्या लिमिट्स काढताना अडकले’ असं बोलायचं. मग शेजारची विचारते, रिजनची आकृती कुठेय? पुष्कळदा ती काढलेलीच नसते. ‘माझं डोकंच नाही’ यावर मी काय उपाय सांगणार? ‘मी आकृती काढत नाही’ यावर आठवडाभरात काम होतं.

समजावताना आधी मराठीत, मग तेच दोन-तीन वाक्यांत इंग्रजीत, त्याच मैत्रिणींसमोर. तिथे चुकलं तर कोणाचे मार्क जात नाहीत. व्हायव्हाला आणि पुढे प्लेसमेंटच्या इंटरव्ह्यूला हेच करायचं असतं.

दोन प्रकारचे ग्रुप टाळ. एक, जिथे तासभर सरांच्या नावाने बोटं मोडून सगळे उठतात. दुसरा, जिथे ‘तुला येईल गं, टेन्शन नको घेऊ’ एवढंच ऐकायला मिळतं. दुसरा जास्त गोड, म्हणून जास्त फसवा. आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर हे मैत्रिणींच्या आवाक्यातलं नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

घरचं राहिलं. ‘कॉलेज सोडू का’ हे विचारायला फोन करू नकोस. ‘एक विषय राहिलाय, पुन्हा परीक्षा देतेय’ एवढं याच रविवारी सांग. बाबा कदाचित चिडतील. पण उद्या दुसऱ्या कोणाकडून कळलं तर जास्त चिडतील.