ऑपेराच्या रंगमंचाचा आधार न घेता सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच पट्टीत गाणाऱ्या, गायिकेची कारकीर्द उभी राहू शकते का?

राहू शकते, आणि याचे ठळक उदाहरण म्हणजे इंग्लंडच्या एमा कर्कबी. 1949 मध्ये जन्मलेल्या कर्कबी यांनी ऑक्सफर्डमध्ये ग्रीक-लॅटिनचे अध्ययन केले आणि काही काळ शाळेत शिकवले. व्यावसायिक गायिका व्हायचे असे त्यांनी ठरवलेलेच नव्हते. मात्र 1970 च्या दशकात जुन्या वाद्यांवर, जुन्या पद्धतीने वादन करणारे संगीतसंघ इंग्लंडमध्ये उदयाला येत होते, आणि त्या वाद्यांच्या मृदू नादात विरघळेल असा आवाज या संघांना हवा होता.

मोठ्या वाद्यवृंदावर मात करण्यासाठी घडवलेला, सतत कंप पावणारा ऑपेराचा आवाज ल्यूटसारख्या नाजूक तंतुवाद्याला झाकून टाकतो. उलट कर्कबी यांचा सरळ, अत्यल्प कंपाचा स्वर प्रत्येक शब्द स्पष्ट पोचवतो. माझ्या मते त्यांचे खरे बळ आवाजाच्या निर्मळपणापेक्षाही या शब्दोच्चारात आहे, जरी कौतुक बहुधा निर्मळपणाचेच होते. ल्यूटवादक अँथनी रूली यांच्या ‘कॉन्सॉर्ट ऑफ म्यूझिक’ या संगीतसंघाबरोबर त्या दीर्घकाळ गायल्या, तर ख्रिस्तोफर हॉगवुड यांच्या संचालनाखालील संगीतकार हॅन्डेलच्या ‘मसाया’ या धार्मिक गायनरचनेच्या ध्वनिमुद्रणाने त्यांचे नाव सर्वदूर पोचले. ध्वनिमुद्रणांची संख्या शंभराहून अधिक आहे. 2007 मध्ये त्यांना ‘डेम’ हा ब्रिटिश किताब मिळाला.

अर्थात, सुरुवातीला अशा आवाजाला ‘मुलाचा आवाज’ म्हणून हिणवणारेही होते.