लाडका सिनेमा फिका का वाटला?

पत्र : कॉलेजात असताना थिएटरात चार वेळा पाहिलेला माझा लाडका सिनेमा परवा बायकोला घरच्या टीव्हीवर दाखवला. पाऊण तासात तिने मोबाइल हातात घेतला. खरं सांगायचं तर मलाही तो एखाद्या मालिकेसारखा वाटला. त्या चिडीत मी तिच्या आवडत्या सिनेमाला 'भंगार' म्हणालो. तेव्हापासून सिनेमावर बोलणंच बंद आहे. माझी आवडच चुकीची होती का?
– एक सिनेमावेडा

उत्तर : 'मालिकेसारखा' हा तुमचा शब्द बरंच काही सांगून जातो. आवडीचं नंतर बघू, आधी टीव्ही तपासा.

सिनेमा सहसा सेकंदाला 24 फ्रेम्सनी, म्हणजे 24 स्थिर चित्रांनी, चित्रित होतो. बरेच नवे टीव्ही दोन फ्रेम्सच्या मध्ये अंदाजाने बनवलेल्या आणखी फ्रेम्स घुसवतात. सामना बघताना याचा फायदा होतो, चेंडू स्पष्ट दिसतो. सिनेमात मात्र हालचाल नको इतकी गुळगुळीत होते, आणि मग सेट सेटसारखा नि मेकअप मेकअपसारखा दिसायला लागतो. सेटिंगमध्ये हे सॅमसंगवर 'ऑटो मोशन प्लस' किंवा 'पिक्चर क्लॅरिटी', एलजीवर 'ट्रूमोशन' आणि सोनीवर 'मोशनफ्लो' या नावाने सापडेल. ते बंद करा. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावला की काम झालं. अनेक टीव्हींवर हे सेटिंग प्रत्येक इनपुटला (म्हणजे सेट-टॉप बॉक्स, पेन ड्राइव्ह अशा चित्र येण्याच्या प्रत्येक वाटेला) वेगळं असतं. त्यामुळे सिनेमा सुरू करून त्याच इनपुटवर बदला, नाहीतर बदललं एकीकडे आणि सिनेमा दुसरीकडे, असं होतं.

वर-खाली काळ्या पट्ट्या नकोत म्हणून 'झूम' केलं होतं का? 2.39:1 (रुंदी : उंची) आकाराचा सिनेमा 16:9 पडद्यावर असा मोठा करून भरला की रुंदीतलं जवळपास पाव चित्र कापलं जातं. दोन टोकांना उभी असलेली दोन माणसं बोलत असतील तर दोघंही अर्धीच दिसणार. आणि संवाद पुटपुटल्यासारखे, पण संगीत कानठळ्या बसवणारं असेल, तर सेटिंगमध्ये आवाज 5.1 (सहा स्पीकरांसाठीचा) वरून स्टिरिओवर (दोन स्पीकरांसाठीचा) आणा.

आवृत्तीही पाहा. 'ब्लेड रनर' 1982 मध्ये निवेदन आणि गोड शेवटासह आला, 1992 च्या आवृत्तीत दोन्ही गेलं आणि 2007 मध्ये आणखी एक आवृत्ती आली. तुम्ही थिएटरात पाहिलेला सिनेमा आणि घरी लावलेला एकच होता का?

एवढं करूनही फिका वाटला, तर वाटू द्या. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश सिनेमासिक दर 10 वर्षांनी सर्वोत्तम सिनेमा कोणता यावर समीक्षकांचा कौल घेतं. 1962 ते 2002 'सिटिझन केन' पहिला होता, 2012 ला 'व्हर्टिगो' त्याच्या जागी आला आणि 2022 ला तोही दुसरा झाला. त्यात आधीचे समीक्षक चुकले असं कुणी म्हणत नाही.

आता 'भंगार'. सिनेमा न आवडल्याबद्दल माफी मागू नका, त्या शब्दाबद्दल मागा. त्या शब्दावर समोरच्याला उत्तरच देता येत नाही. 'नायकाला पत्र सापडतं, आणि पुढच्याच प्रसंगात त्याला ते आठवतही नाही, तिथे माझं मन उडालं' असं म्हटलं की तिला बोलायला जागा मिळते. कदाचित ती सांगेल की ते पत्र त्याने फाडलं होतं आणि तुमचंच लक्ष नव्हतं.

मग तिचा सिनेमा पुन्हा लावा, अथपासून इतिपर्यंत. मध्ये थांबवून शेरे मारायचे नाहीत, आणि मोबाइल तुमचाही दुसऱ्या खोलीत. संपल्यावर 'कसा होता?' हे विचारायची घाई न करता तिच्या मनात राहिलेला एक प्रसंग विचारा. स्वतःचा सिनेमा दाखवताना 'आता बघ, आता बघ' म्हणायचं आणि दर विनोदाला तिच्या चेहऱ्याकडे पाहायचं, हे मात्र बंद. त्याने माणूस सिनेमा बघत नाही, परीक्षा देतो.

तुमचा लाडका सिनेमा लगेच पुन्हा दाखवू नका. टीव्हीचं सेटिंग बदललं म्हणून मोबाइल खाली राहीलच, असं नाही.